घुशी, उंदीर आणि परसबाग: विष न घालता काय करता येईल?

टिळकवाडीची_माई
नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आमचं जुनं कौलारू घर आहे आणि मागं बऱ्यापैकी मोठं परस. पेरू, पपई, एक नारळ, केळी, अळू, कुंपणाला तोंडली, आणि यंदा हौसेनं रताळ्याचे वेल लावलेत. पाऊस धरल्यापासून उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. पपई पिकायच्या आत आतून पोखरलेली. धुण्याच्या दगडाखाली कुणीतरी एवढी माती उपसलीय की दगड एका बाजूला कलंडलाय. रात्री माळ्यावर पळापळ, आणि न्हाणीतला साबण सकाळी जागेवर नसतोच.

घरात रांगणारी नात आहे, शेजारच्यांचा कुत्रा दिवसभर आमच्याच अंगणात असतो. त्यामुळे विष नको. पिंजरा आणलाय, पण त्यात अजून एक चिचुंद्री सोडून काही आलं नाही. तुमच्याकडे काय केलंत, काय खरंच चाललं, ते सांगा. ऐकीव उपाय यूट्यूबवर भरपूर पाहून झालेत.

अनगोळचा_अण्णा
मांजर पाळा. विषय संपला.

कॅम्पातला_पोरगा
आमचं मांजर घूस दिसली की फ्रिजवर चढून बसतंय. विषय चालू.

अनगोळचा_अण्णा
दूध-चपाती घालून वाढवलेलं मांजर असणार. त्याला उंदीर धरायची काय गरज आहे बे?

खानापूरकर
माई, आधी कोण आहे ते ठरवा. सगळ्यांना उंदीर म्हणून एकच उपाय केला की फसगत होते. तुमच्या वर्णनात मला तीन वेगळी बिऱ्हाडं दिसतात.

धुण्याच्या दगडाखाली आहे ती घूस. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग घालायची सवय तिचीच. ती चढण्यापेक्षा खणण्यात पटाईत. पाया, गटार, बांध, रताळी हे तिचं राज्य. माळ्यावर पळतो तो लांब शेपटीचा काळा उंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब. तो तारेवरून, वेलीवरून, फांदीवरून कौलांवर येतो. पपई बहुतेक त्याचीच. साबण दोघांपैकी कुणीही नेईल. आणि चिचुंद्री उंदीर नव्हेच. लांब नाकाची, भिंतीला चिकटून चिक-चिक करत जाते. ती किडे आणि झुरळं खाते. वास मारते हे खरं, पण तिला सोडून द्या. तुमचंच काम करते ती.

जमिनीतल्यासाठी आणि छपरावरच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल. आणि पिंजरा कुठं ठेवलाय?

टिळकवाडीची_माई
खानापूरकर, धन्यवाद. पिंजरा परसाच्या मधोमध ठेवलाय, पेरूखाली. आत टोमॅटोची फोड.

खानापूरकर
मधोमध नको. उंदीर उघड्यावरून जात नाही, मिशा भिंतीला लावून कडेकडेनं जातो. भिंतीला लागून, तोंड त्याच्या जायच्या वाटेकडे करून ठेवा. आणि सुरुवातीला दार बांधून टाका, म्हणजे पडणारच नाही असं. आत खायला ठेवत जा. नवीन वस्तूला तो बिचकतो. बिनधास्त आत-बाहेर करायला लागला की मग दार लावा.

सुळगा_वैनी
टोमॅटो?? अहो माई, उंदीर काय डाएटवर हाय? सुका बांगडा भाजून बांधा, न्हाईतर भजी. तारेनं घट्ट बांधायचं, नुसतं ठेवलं तर वडून घेऊन जातंय. शाकाहारी घर असंल तर खोबरं तव्यावर लालसर करून. वासानं येतंय बघा.

कॅम्पातला_पोरगा
कांदाभजी ठेवली तर उंदराच्या आधी मी अडकतोय.

मच्छे_रोड
पिंजऱ्यात सापडलेल्याचं पुढं काय करता? आमच्या ओळखीचे एक काका स्कूटरवर पिंजरा घालून नेतात आणि लांब सोडून येतात. जीवहत्या नको म्हणून.

अनगोळचा_अण्णा
लांब म्हणजे कुठं?

मच्छे_रोड
नाल्याच्या पलीकडं. अनगोळच्या बाजूला.

अनगोळचा_अण्णा
म्हणजे गेली कैक वर्षं तुमचे उंदीर आम्ही पोसतोय होय! बरं झालं सांगितलंत. त्या काकांना एकदा चहाला घेऊन या.

येळ्ळूरचा_शेतकरी
मी शेतातलं सांगतो, घरचं मला तेवढं कळत न्हाई. आमच्याकडं बासमती असतंय. भात पोटरीत आलं की घूस आणि शेतातला उंदीर तुटून पडतोय. दांडा खालनं तिरपा कापतोय, बघितल्यावर विळ्यानं कापल्यागत दिसतंय. घुशीचं तर बीळ खणलं की आत लोंब्यांचं कोठार असतंय. पहिली माणसं ती बिळं खणून भात काढून आणायची, आमच्या आज्जीनं केलंय ते.

माई, तुमचं विष नको म्हणणं घरासाठी बरोबर आहे. पण इथं सगळ्यांनी विषाला शिव्या घालायच्या आधी एक ऐका. शेतात विषाशिवाय भागत न्हाई. फक्त पद्धत हाय. झिंक फॉस्फाईड घालायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं भरड धान्य बिळाजवळ ठेवायचं. खायची सवय लागली की मग औषधाचं. पहिल्याच दिवशी औषध घातलं आणि एखादा अर्धवट खाऊन आजारी पडला, की तो परत त्या आमिषाला तोंड लावत न्हाई. मग तुम्ही म्हणताय औषध बोगस. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतकी खात्याच्या ऑफिसात, विचारलं तर प्रमाण सांगतात, तेवढंच घालायचं.

आणि हे एकट्यानं करून उपयोग शून्य. शेजारच्या शिवारात न केल्यास आठ-पंधरा दिवसांत तिकडचे इकडं. पेरणीच्या आधी, शेत उघडं असताना सगळ्यांनी एकदम करायचं. पीक उभं राहिल्यावर बोंब मारून काय होत न्हाई. बांध पण बारीक ठेवायचे. रुंद, उंच बांध म्हणजे घुशीला बंगला बांधून दिल्यासारखं.

हिंदवाडी_डॉक्टर
येळ्ळूरकरांची शेतातली पद्धत योग्य आहे. पण घरात वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो, कारण दवाखान्यात हे पाहावं लागतं.

झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर आणखी फसवी. खाल्ल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. पोळीला लावून ओट्याखाली ठेवलेली पेस्ट मुलांनी खाल्ल्याच्या घटना घडतात. धान्यात घालायच्या त्या करड्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. बंद खोलीत, बिळात गोळी टाकून वर माती लोटली तरी वायू भेगेतून शेजारच्या खोलीत येतो. झोपेत माणसं गेलीत.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. तिला व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी. पण तो उंदीर खाल्लेल्या मांजराला, घुबडाला तीच बाधा होते. लहान मूल आणि कुत्रा असलेल्या घरात माईंचा निर्णय शंभर टक्के योग्य आहे.

दुसरं म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), उंदरांमुळे होणारा ताप. उंदराच्या मुतातून पाण्यात, चिखलात जंतू जातात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. पावसात परसात अनवाणी फिरू नका. लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका, आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं ओल्या करा. मेलेला उंदीर हातानं उचलू नका. चिखलात काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर अंगावर काढू नका.

टिळकवाडीची_माई
डॉक्टर, हे छापून आमच्या ह्यांना दाखवते. ते कालच पेठेत जाऊन "इली पाषाण" (कन्नडात उंदराचं विष) विचारून आलेत.

निपाणीकर
गाडीच्या बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, उंदीर येत नाही असं सगळीकडं फिरतंय. आमच्या निपाणीत वखारीत तंबाखूच तंबाखू, तिथंही उंदीर आहेत. बोरी कुरतडून आत घरं करतात. काय व्यसन लागलंय कुणास ठाऊक.

कॅम्पातला_पोरगा
त्यांच्यातले काही सोडायचा प्रयत्न करत असतील.

शहापूर_सराफ
मी आवाजाचं मशीन लावलं होतं. प्लगला लावायचं, माणसाला ऐकू येत नाही, उंदराला येतो म्हणे. सुरुवातीला गेले. मग हळूहळू सवय झाली. आता त्याच प्लगमागं बीळ आहे. एकच फायदा, रात्री त्याच्या निळ्या दिव्यात वाट दिसते.

हुक्केरीचे_मास्तर
गोंदाच्या पट्ट्या कुणी सुचवल्या नाहीत ते बरं झालं. उंदीर त्यावर दोन-दोन दिवस जिवंत तडफडत राहतो, पाल, चिमणी, तुमची ती चिचुंद्री, जे येईल ते चिकटतं. भारतीय पशुकल्याण मंडळानंही राज्यांना त्यावर बंदी घालायला सांगितलेलं आहे. मारायचंच तर झटक्यात मारणारा स्प्रिंगचा चाप बरा. पण रांगणारं मूल असताना तोही माळ्यावरच.

वडगावचा_विणकर
तुम्ही सगळे मारायचं बोलताय, आमच्यात वर्षातनं एक दिवस त्याला जेवायला घालतात. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदरी. त्या दिवशी माग बंद. का, तर वर्षभर ताणा कुरतडू नये म्हणून. उंदरानं रात्रीत ताण्याचे धागे तोडले की ते परत जोडत बसणं काय असतंय ते विणणाऱ्यालाच विचारा. साडी अर्ध्यावर असली तर डोळ्यातनं पाणी येतंय.

सुळगा_वैनी
उंदरीला आमच्यात मटण! गणपतीला पडदा लावायचा आणि उंदराला नैवेद्य दाखवायचा. मटणाच्या दुकानासमोर त्या दिवशी केवढी लाईन असतेय.

कॅम्पातला_पोरगा
उंदराचं नाव, खातंय कोण?

शहापूर_सराफ
आमच्याकडे उंदरीला फक्त गोडाचं. एकाच गल्लीत दोन पद्धती. मटण बिटण काही नाही.

सुळगा_वैनी
मग तुमचे उंदीर आमच्याकडं का येत्यात ते कळलं.

वडगावचा_विणकर
वैनी _/\_

गंमत सोडा. सूत ठेवायची खोली आम्ही कशी सांभाळतो ते सांगतो, माईंना उपयोग होईल. जमिनीपासून वर घोडीवर सगळं, भिंतीपासून हातभर लांब. भिंतीला लागून काही ठेवलं की त्याच्यामागं उंदीर बिनधास्त. भिंतीच्या कडेला मोकळी वाट दिसली की तो लाजतो. आणि खोलीत बसून खायला बंदी. चुरमुऱ्याचा एक दाणा पडता कामा नये.

बेळगुंदी_काजू
आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेलं, प्लेगात घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. माणसं शेतात झोपड्या घालून राहायची. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो हाय, तिथंच तेव्हा प्लेगची लस करायचे न्हवं?

हुक्केरीचे_मास्तर
नाही. व्हॅक्सिन डेपोत देवीची लस तयार होत असे. प्लेग मुंबईत 1896 साली आला. त्याच्यावरची लस हाफकिन यांनी मुंबईतच केली, 1897 च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेऊन. प्लेगचे जंतू उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतात. उंदीर मेला की पिसवा गार अंग सोडून दुसरं गरम अंग शोधतात, म्हणून आधी उंदीर पडायचे आणि मग माणसं. गाव सोडायची रीत अडाण्यांची नव्हती, पिसवांपासून लांब जाणं हाच तेव्हा खरा उपाय होता.

डेपोचा विषय निघालाच आहे तर, माई, त्या जुन्या झाडांत गव्हाणी घुबड असेल तर तुमचं नशीब. एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज मारतं. आपल्याकडे अशुभ म्हणून दगड मारून हाकलतात.

टिळकवाडीची_माई
आहे! रात्री घशातून घासल्यासारखं ओरडतं ते तेच का? सासूबाई दिवा लावून रामरक्षा म्हणतात.

हुक्केरीचे_मास्तर
तेच. रामरक्षा चालू द्या, घुबडाची हरकत नसावी.

जांबोटी_घाट
आमच्याकडं धामण ठेवतोय आम्ही. म्हणजे पाळत नाही, मारत नाही एवढंच. धामण बिळात शिरून पिल्लांसकट साफ करते, मांजराला ते जमत नाही. बिनविषारी आहे. पण एक सांगतो, उंदीर जिथं तिथं नागही येतो. बिळात हात घालणं, अंधारात सरपणाचा ढीग उपसणं बंद करा.

अनगोळचा_अण्णा
उंदरासाठी धामण, धामणीसाठी मुंगूस, मुंगसासाठी काय आणू?

कडोलीचा_भाजीवाला
रताळ्याचं बोलतो. वेल गच्च झाले की खाली घुशीला सावली आणि खाणं दोन्ही. आमच्या भागात रताळं नवरात्राच्या मार्केटला जातंय, तेव्हा घुशीनं चावलेलं वेगळं काढायचं, त्याला निम्मा दर पण कोण देत न्हाई. वेल उचलून पलटी करत जावा मधनं मधनं, गादीवाफ्याची कड मोकळी दिसली पाहिजे. काढणी पण लांबवू नका. तयार झाली की काढायची.

बांधावर उंदीरमारी (गिरिपुष्प) लावा म्हणून सांगतात. आमच्याकडं हाय, शेजारीच घुशीची बिळं पण हायेत.

खानापूरकर
उंदीरमारी नुसती लावून काही होत नाही. तिची पानं किंवा साल धान्यात शिजवून, आंबवून आमिष करायची पद्धत मध्य अमेरिकेत होती. आंबताना त्यात रक्त न गोठू देणारं द्रव्य तयार होतं. म्हणजे फिरून तेच, डॉक्टर म्हणाले त्याच जातीचं विष. हिरवळीचं खत म्हणून मात्र फार चांगलं झाड.

निपाणीकर
पुदिना, कापूर, डांबरगोळ्या यावर कुणाचा विश्वास आहे का इथे?

शहापूर_सराफ
कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. एक गोळी बिळात सापडली. बहुतेक त्यांनी पण कपड्यात ठेवायला नेली.

हुक्केरीचे_मास्तर
धागा मटणावरून प्लेगवर आणि प्लेगवरून डांबरगोळ्यांवर फिरून आला, पण माईंनी विचारलेलं तसंच राहिलंय. माई, तीन गोष्टी सांगा. पेरूची किंवा दुसरी कुठली फांदी कौलांना टेकते का? न्हाणीचं पाणी कुठं जातं? आणि मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?

टिळकवाडीची_माई
मास्तर, सकाळी पाहून आले. पेरूची फांदी कौलांवर आहेच, आणि तोंडलीचा वेल कुंपणावरून सरळ वळचणीला गेलाय. न्हाणीचं पाणी पाइपनं उघड्या गटारात जातं, पाइपच्या तोंडाला काही नाही. मागे रिकामा प्लॉट आहे. मालक परगावी. तिथं गवत कमरेएवढं आणि मंगलकार्यालयातलं उरलेलं अन्न कुणीतरी रात्री आणून ओततं. भाताचा ढीग असतो हो.

हुक्केरीचे_मास्तर
मग तुमच्या पिंजऱ्यातल्या टोमॅटोला कोण विचारणार! पलीकडे रोज पंगत उठतेय.

माझं मत सांगतो. मारण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत वितात. पलीकडचं अन्न चालू आहे तोवर तुम्ही एक मारलात तर त्या जागेवर दुसरा येतो. आधी तो भात बंद झाला पाहिजे. एकट्या जाऊन भांडू नका, गल्लीतली चार घरं मिळून त्या कार्यालयवाल्याला भेटा, जमल्यास मालकाला फोन करून गवत काढून घ्या. येळ्ळूरचे पाहुणे शेताबद्दल म्हणाले तेच गल्लीलाही लागू आहे.

घराचं काम तोवर सुरू करा. फांदी आणि वेल कौलांपासून चांगलं तीन हात लांब छाटा. जास्तच छाटा, उंदीर उडी मारतो. पाइपच्या तोंडाला जाळी. भिंतीत अंगठा जाईल एवढं भोक असेल तर उंदीर येतो, पेन्सिल जाईल एवढ्यातून लहान उंदीर येतो. नुसतं सिमेंट ओलं असताना कुरतडतात, म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी किंवा काचेचा चुरा कोंबून वरून सिमेंट. नारळाला पुरुषभर उंचीवर हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं टिकत नाहीत.

येळ्ळूरचा_शेतकरी
धुण्याच्या दगडाखालची घूस राहिली की मास्तर. तिचं मी सांगतो. सगळी तोंडं शोधा, संध्याकाळी मातीनं बुजवा. सकाळी जे उघडलंय ते चालू बीळ. तिथंच पिंजरा, मोठा, उंदराचा लहान पिंजरा घूस फोडून जातेय. ती गेली की दगड उचला, खाली जाळी अंथरा, वर खडी आणि मग दगड. नुसती माती भरली तर नवीन घूस तयार भोकात येऊन बसतेय.

टिळकवाडीची_माई
हे पटलं. फांदी आजच छाटायला सांगते. शेजारच्या वहिनींशी बोलले, त्यांच्याकडेही तोच त्रास आहे, फक्त त्या बोलत नव्हत्या. रविवारी चार घरं मिळून कार्यालयात जाणार आहोत. जाळी कुठली घेऊ? दुकानात कोंबड्यांची जाळी दाखवतात.

कडोलीचा_भाजीवाला
कोंबड्यांची नको, ती कुरतडून टाकतंय आणि भोकं पण मोठी. वेल्ड केलेली पाव इंची मागा, जस्त लावलेली. रविवार पेठेत रोलमधनं कापून देतात. कंपोस्टचा खड्डा असला तर त्याच्या बुडाला पण तीच घाला, आणि त्यात शिजलेलं अन्न टाकू नका.

हिंदवाडी_डॉक्टर
आणि जाळी घालताना हातमोजे, पायात गमबूट.

निपाणीकर
माझ्या गाडीच्या वायरींचं कुणीच सांगितलं नाही.

कॅम्पातला_पोरगा
बॉनेट रात्री उघडं ठेवा. अंधार आणि ऊब नसली की तो आत घर करत नाही. आमच्या बाबांच्या गाडीला चाललं.

अनगोळचा_अण्णा
आणि ती गाडी अनगोळला लावू नका.